गाडीच्या पोटाखालचे रबर



आपल्या नगरात वसंतात इतिहासावर बोलावयास उभा राहिलेला माणूस निजामशाहीवर बोलतो, चांदबिबीवर बोलतो, नाहीतर भुईकोट किल्ल्यात कोंडलेल्या पुढाऱ्यांवर बोलतो. ते विषय मोठे आहेत आणि त्यांवर बोलणारे माझ्याहून जाणते लोक या व्यासपीठावर येऊन गेले आहेत. माझे शिक्षण शाळेत थोडे, वाचनालयात थोडे आणि उरलेले गॅरेजांच्या दारात झाले. तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करीत आलो. त्यात मेस्त्री, हेल्पर, ड्रायव्हर, गाड्या धुणारी पोरे यांच्यातच दिवस गेले. म्हणून मी आज रबरावर बोलणार आहे. टायरचे रबर सर्वांना दिसते, त्यावर बोलणारेही पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते गाडीच्या पोटाखाली दडलेल्या रबरावर. हे रबर कोठून आले, तेथे कसे जाऊन बसले, आणि ते जपावयाचे कसे हे माणसाला कळावयास इतकी वर्षे का लागली, हा माझा विषय.

या विषयावर नगरचा हक्क आहे. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी सुटली ती आपल्या नगरहून पुण्याला. बेडफर्ड बनावटीची, लाकडी सांगाड्याची, तीस आसनांची ती गाडी. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे ही दोन नावे आजही एस.टी.च्या वर्धापनदिनी घेतली जातात, आणि ती घेतलीच पाहिजेत. परंतु गाडी रस्त्यावर जाण्यापूर्वी कोणीतरी तिच्याखाली आडवा होतो, हाताने चाचपतो, नळी दाबून पाहतो. त्या मेस्त्रीचे नाव आपण कधी घेत नाही. माझे आजचे बोलणे त्याच्या बाजूने आहे, हे आधीच सांगून टाकतो.

रबर येण्यापूर्वी आपल्याकडे गाडी कशावर चालत होती? लाकूड, लोखंड आणि एरंडेल. बैलगाडीचा आस, त्यावर फिरणारा तुंबा, तुंब्यातून निघालेले आरे, आणि बाहेरून तापवून चढवलेली लोखंडी धाव. आस आणि तुंबा यांच्यामध्ये घासणी होते, म्हणून तेथे वंगण. गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे, त्यात एरंडेल, कोणी त्यात राख किंवा काजळी कालवी. मुक्कामाला पोचल्यावर गाडीवान बैलांना पाणी दाखवी आणि चाकाला वंगण घाली. ही दोन कामे झाल्याशिवाय तो भाकर सोडीत नसे. मोटेच्या कातड्यालाही तसेच तेल द्यावे लागे. हलणाऱ्या वस्तूला तेल पाजावयाचे, हे ज्ञान आपल्या लोकांच्या हाडामांसात पिढ्यान्पिढ्या मुरलेले. त्यात चूक काहीच नव्हती. लाकडाला तेल मानवते, लोखंडाला मानवते, कातड्यालाही मानवते.

१८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू होऊन नगरला आगगाडी आली. यंत्रे आली आणि त्यांच्यामागून खनिज तेल आले. जमिनीतून काढलेले, स्वस्त, डब्यांतून येणारे. रॉकेल घरोघरी गेले. एरंडेल मागे पडून वंगणाच्या जागी ग्रीस आले. वस्तू बदलली, पण रीत तीच राहिली: वाजले की तेल घाला, गंजले की तेल लावा, मळले की रॉकेलने धुवा. ही रीत नीट लक्षात ठेवा. पुढची सारी गोष्ट तिच्याभोवती फिरते.

आता रबर. वडाला, रुईला, शेराला येतो तसा ब्राझीलच्या रानातल्या एका झाडाला चीक येतो. तो वाळवला की रबर. तेथील मूळ रहिवासी त्याचे चेंडू आणि भांडी करीत. युरोपियनांनी ते नेले, पण कच्चे रबर उन्हाळ्यात वितळून चिकट होई आणि थंडीत दगड होई. १८२३ साली मॅकिन्टॉश याने दोन कापडांमध्ये रबर घालून पावसाचे डगले केले, त्यांचेही उन्हात हाल होत. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला सापडले की रबरात गंधक घालून ते तापवले तर त्याचा स्वभाव पालटतो. ते ताणले तर पुन्हा मूळ जागी येते, उन्हात वाहत नाही, थंडीत तडकत नाही. रबराच्या लांबच लांब धाग्यांना गंधक मधूनमधून टाके घालते, एवढेच त्यातले शास्त्र. गुडइयर कर्जात बुडूनच मेला. इंग्लंडमध्ये हॅन्कॉक याने त्याच शोधाचा हक्क स्वतःच्या नावे नोंदवला. शोध लावणारा एक आणि खाणारा दुसरा, हा अनुभव आमच्या कामगार मंडळींना नवा नाही.

गुडइयरच्या रबराचे नमुने इंग्लंडात नेणारा स्टीफन मोल्टन याने १८४८ साली ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन या गावी कारखाना काढला. त्या कारखान्यातून आगगाडीच्या डब्यांसाठी रबरी धक्केरोधक निघू लागले. टायर येण्याच्या कितीतरी आधी रबर गाडीच्या खाली पोचले ते असे. हवेचा टायर चालू झाला तो १८८८ साली, डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या पोराच्या तीनचाकीसाठी केला तेव्हापासून. पुढे १९५९ साली मिनी ही छोटी मोटार आली, तिला लोखंडी पाट्यांऐवजी रबरी शंकूंवर तोलले होते. ती रचना करणारा अ‍ॅलेक्स मोल्टन हा त्याच स्टीफनचा पणतू.

पण हे रबर काढीत कोण होते? बेल्जमचा राजा लिओपोल्ड याच्या ताब्यात १८८५ ते १९०८ पर्यंत काँगो होता. तेथे रबराचा ठरलेला भरणा न करणाऱ्या गावांतील माणसांचे हात तोडले गेले. हा प्रकार जगापुढे आणणाऱ्यांत मोरेल नावाचा जहाज कंपनीतला एक कारकून होता. त्याच्या ध्यानात आले की काँगोहून बोटी रबर आणि हस्तिदंत भरून येतात आणि जाताना माल नेत नाहीत, बंदुका आणि काडतुसे नेतात. माल घेतला आणि मोबदला दिला नाही, हे त्याने हिशेबाच्या वहीतून ओळखले. असा कारकून प्रत्येक कचेरीत एकतरी असावा. ब्राझीलमधून विकहॅम याने १८७६ साली झाडाचे बी लंडनला नेले, तेथून रोपे सिलोन-मलायात गेली, आणि तेथील मळ्यांवर राबावयास तमिळ मजूर नेले गेले. केरळात थट्टेकाड येथे १९०२ साली मळा उभा राहिला. आज आपल्या गाडीखाली जे नैसर्गिक रबर आहे त्यात त्या बाजूच्या चीक काढणाऱ्या माणसांचा घाम आहे. पहाटे अंधारात डोक्याला दिवा बांधून ते झाडाला काप देतात.

रबर गाडीखाली कोठे कोठे जाऊन बसले ते पाहू. गाडीचा भार ज्या लोखंडी पाट्यांवर तोललेला असतो त्या पाट्याच्या टोकाला डोळा असतो. त्या डोळ्यात पूर्वी पितळी बुश असे, त्यातून पिन जाई आणि त्याला ठरल्या वेळी ग्रीस द्यावे लागे. त्या जागी पुढे रबरी बुश आला: आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी नळी आणि मध्ये दाबून बसवलेले किंवा चिकटवलेले रबर. पितळी बुशात पिन फिरते. रबरी बुशात काहीच फिरत नाही, रबर स्वतःच पिळले जाते आणि सुटते. आपल्या मेस्त्री लोकांना हा फरक पटावयास एक पिढी लागली. इंजिनाच्या पायाखाली रबर गेले. क्रायस्लर कंपनीने १९३१ साली प्लायमाउथ गाडीचे इंजिन रबरावर टेकवले आणि इंजिनाचा थरकाप माणसाच्या हाडांपर्यंत पोचेनासा झाला. स्टिअरिंगच्या सांध्यांवर धूळ आत जाऊ नये म्हणून रबरी बूट आले.

आणि सर्वांत जोखमीची जागा म्हणजे ब्रेक. लॉकहीड याने तेलाच्या दाबाचा ब्रेक काढला. पायाने एका सिलिंडरातले तेल दाबावयाचे, तो दाब नळ्यांतून चारी चाकांपर्यंत जातो. १९२१ साली ड्युझनबर्ग नावाच्या अमेरिकन मोटारीत हा ब्रेक चारही चाकांना बसला. त्यातले तेल अडवून धरणाऱ्या वाट्या प्रथम कातड्याच्या होत्या आणि त्या गळत. १९२४ च्या क्रायस्लर गाडीत कातड्याच्या जागी रबराच्या वाट्या आल्या. तेव्हापासून तेलाच्या ब्रेकच्या गाडीत बसलेल्या प्रत्येक माणसाचा जीव अंगठ्याच्या पेराएवढ्या रबरी वाटीवर आहे. मोठ्या बसगाड्यांना पुढे हवेचे ब्रेक आले, तेव्हा वाटीच्या जागी रबरी पडदा आला. त्याला डेपोत डायफ्रॅम म्हणतात. जोखीम तीच.

येथे जुन्या रीतीचा आणि नव्या वस्तूचा सामना झाला. नैसर्गिक रबर आणि खनिज तेल यांचे हाडवैर आहे. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल, साधे ग्रीस, यांतले काहीही रबराला लागले की ते रबरात शिरते. रबर फुगते, मऊ होते, चिकट होते आणि शेवटी लोण्यासारखे बोटाला येते. ज्याला आम्ही औषध समजत होतो ते रबराला विष निघाले. मग ब्रेकमध्ये कोणते तेल घालावयाचे? गंमत पाहा: सुरुवातीच्या काळात ब्रेकच्या तेलासाठी अल्कोहोलात एरंडेल मिसळीत. कारण एरंडेल रबराला फुगवीत नाही. ज्या एरंडेलाला आपण अडाण्याचे म्हणून बैलगाडीबरोबर मागे टाकले होते ते साहेबाच्या मोटारीत ब्रेकच्या नळीतून परत आले. कॅस्ट्रॉल हे तेलाचे नाव सर्वांच्या ऐकण्यातले आहे. इंग्रजीत एरंडेलाला कॅस्टर ऑइल म्हणतात, त्यावरून १९०९ साली ते नाव ठेवले गेले. ब्रेकच्या रबरी भागांना लावावयाचे लालसर ग्रीस येते, तेही एरंडेलाच्या पायावर केलेले असते. आमच्या आजोबांच्या नळकांड्यात काय होते हे त्यांना ठाऊक होते. ते का चालते हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते.

मग महायुद्ध आले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मलाया आणि जावा जपानच्या हाती गेले. जगातल्या नैसर्गिक रबराचा सुमारे नऊदशांश वाटा त्या बाजूला पिकत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नेहरू आणि त्यांचे सहकारी आपल्या किल्ल्यात बंद झाले. नगरच्या इतिहासात १९४२ म्हटले की आपल्याला किल्ला आठवतो. पण बाहेर रस्त्यावर त्याच वेळी कोळशाच्या वायूवर मोटारी रखडत होत्या आणि टायर मिळेनासे झाले होते. रबर किती मोलाचे आहे हे साऱ्या जगाला एकदम कळले.

याचा पुरावा आपल्या गावातच उभा आहे. १९९४ साली सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात पोरांना घेऊन आपण जातो, तोफेच्या नळीकडे बघतो आणि फोटो काढतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा खाली बघा. व्हॅलेंटाइन आणि सेंच्युरियन रणगाड्यांच्या चाकांवर रबराची जाड पट्टी आहे. चर्चिल रणगाड्याची चाके छोटी, पुष्कळ आणि निव्वळ पोलादी. रबराची पट्टी असली की चाक साखळीवर मऊ चालते, आवाज कमी होतो आणि धक्के वर जात नाहीत. पण ऊन, तेल आणि दगड यांनी ती पट्टी सुटते. रशियात १९४२ साली स्टालिनग्राडच्या कारखान्याला रबर मिळेना, तेव्हा टी-३४ रणगाड्यांना पोलादी चाके लावली आणि रबर फक्त आत, आसाजवळ, थोडेसे ठेवले. जर्मनांनी १९४४ मध्ये टायगर रणगाड्याचे तेच केले. अमेरिकेनेही शर्मनच्या रबरी साखळ्यांच्या जागी पोलादी साखळ्या आणल्या. एवढ्या लढाया झाल्या, पण रबर कमी पडल्याने चाकाची घडणच बदलावी लागली हे युद्धाच्या पुस्तकांत एखाद्या ओळीत येते. आम्हा गाडीखालच्या लोकांना मात्र तीच ओळ महत्त्वाची वाटते.

याच टंचाईने कृत्रिम रबर वाढवले. अमेरिकेत निओप्रीन १९३० च्या सुमारास निघाले होते, जर्मनीत बुना जातीची रबरे निघाली होती. त्यांतले नायट्राइल रबर खनिज तेलाला दाद देत नाही. युद्धानंतर कोणत्या जागी कोणते रबर, याचे शास्त्रच झाले. इंजिनाच्या तेलापाशी नायट्राइल, उन्हावाऱ्यात निओप्रीन, भार पेलावयाचा तेथे नैसर्गिक, आणि ब्रेकच्या वाट्यांसाठी आणखी वेगळे. पण रंग सगळ्यांचा काळा. काळा का? १९०४ च्या सुमारास असे ध्यानात आले की काजळी घातली की रबर बळकट होते. डोळ्यांत घालावयाचे काजळ आणि रबरात घालावयाचे काजळ यांत फारसा फरक नाही. पण सारे काळे दिसू लागल्यामुळे मेस्त्रीला बोटाने ओळखता येईना की हे तेल सोसणारे आहे की नाही. ते ज्या कागदावर लिहिलेले असते तो कागद इंग्रजीत, आणि तोही साहेबाच्या कपाटात.

रबर मरते कसे, हे थोडे सांगतो. तेलाचे सांगून झाले. दुसरे मरण हवेचे. हवेत ओझोन नावाचा वायू अगदी थोडा असतो, तो ताणलेल्या रबराला आडव्या भेगा पाडतो. ब्रेकची नळी वाकवून पाहिली की वाकणाच्या बाहेरच्या अंगाला केसासारख्या रेघा दिसतात, त्या याच. म्हणून कारखान्यात रबरात मेण घालतात. ते हळूहळू वर येऊन पातळ पापुद्रा धरते आणि रबर जपते. रॉकेलच्या चिंधीने रबर पुसून चकचकीत केले म्हणजे हा पापुद्रा आपण आपल्या हाताने काढून टाकला. गाडी चालती असली की मेण वर येत राहते, उभ्या गाडीचे रबर लवकर तडकते. २०२० च्या टाळेबंदीत आणि नंतर ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या एस.टी.च्या दीर्घ संपात आगारांत गाड्या रांगेने उभ्या होत्या. मी संपाच्या बाजूचा माणूस आहे, त्यात लपविण्यासारखे काही नाही. पण चाके थांबवण्याची घोषणा देणाऱ्यालाही हे ठाऊक असावे की थांबलेल्या गाडीखाली रबराचे वय थांबत नाही. गाडी पुन्हा काढताना नळ्या, बुश, बूट एकेक पाहावे लागतात. ते काम संप मिटल्याच्या बातमीत येत नाही.

तिसरे मरण उष्णतेचे, चौथे चिखलाचे. आपल्या शेवगाव-पाथर्डीकडच्या काळ्या रानाचा चिखल बुशाच्या तोंडाशी बसतो, वाळतो, दगडासारखा होतो आणि प्रत्येक खड्ड्यात रबराला कानशीसारखा घासतो. साधे पाणी आणि थोडा साबण यांनी तो धुवावा, याहून मोठी विद्या त्यात नाही. धुताना पाण्याचा जोराचा फवारा बुटाच्या काठावर धरू नये, नाहीतर पाणी आणि वाळू आत जाते.

पाचवे मरण माणसाच्या हातचे आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. रबरी बुश बदलताना गाडी जॅकवर उचललेली असते, चाके लोंबकळत असतात. तशातच बोल्ट आवळून टाकला तर रबर त्या स्थितीत पकडले जाते. गाडी खाली उतरली की ते कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुश वर्षाच्या आत फाटतो. म्हणून बोल्ट हलका लावावा, गाडी जमिनीवर टेकवावी, भार चाकांवर येऊ द्यावा आणि मग आवळावा. दहा मिनिटांचे काम. पण ठेकेदार गाडीमागे पैसे देतो, मिनिटांमागे देत नाही. म्हणून ती दहा मिनिटे वाचवली जातात.

आता एक हकिकत सांगतो. पंचवीसएक वर्षांपूर्वी एका खाजगी मालवाहतूकदाराचा छोटा ट्रक करंजी घाट उतरताना त्याचा ब्रेक गेला. ड्रायव्हरने प्रसंग राखला, गाडी दरीकडे जाऊ न देता डोंगराच्या अंगाला घातली. त्याचा पाय मोडला, जीव कोणाचा गेला नाही. मालकाने खातेचौकशी लावली आणि ठपका ठेवला की ड्रायव्हर बेफाम होता. त्याच्या वतीने मी बसलो होतो. ब्रेक पंपातली आणि चाकाच्या सिलिंडरातली जुनी वाटी आमच्या मेस्त्रीने काढून आणली होती. मी नवी वाटी विकत घेतली, दोन्ही चौकशी अधिकाऱ्यापुढे टेबलावर ठेवल्या आणि बाजूला रिकामा सिलिंडर ठेवला. नवी वाटी अलगद आत गेली. जुनी इतकी फुगली होती की तोंडाशीच अडली. बोटाने दाबली तर तिचा काळा लेप बोटाला लागला. ब्रेक ऑइलचा डबा संपला होता म्हणून टाकीत इंजिन ऑइल ओतले गेले होते, हे उघड झाले. ड्रायव्हर कामावर परत आला, मोडलेल्या पायाचे दोन महिन्यांचे वेतन मात्र बुडाले.

पण गोष्ट तेथे संपली नाही. मालकाने लगेच दुसरा गुन्हेगार शोधला: तेल ओतणारा हेल्पर. सतरा वर्षांचे पोर, घरी बैलगाडी, तेल म्हणजे तेल एवढेच ठाऊक. त्याला काढून टाकावयाचे ठरले. मी विचारले, ब्रेकला वेगळे तेल लागते हे या पोराला कोणी, केव्हा सांगितले? डब्यावर इंग्रजीत लिहिले होते असे उत्तर आले. त्या पोराला मराठीसुद्धा जेमतेम वाचता येत होते. मग डबा संपल्यावर नवा आणण्यासाठी पैसे कोणाकडे मागावयाचे, हे तरी ठरलेले होते काय? त्यावर उत्तर आले नाही. ते पोर कामावर राहिले. पुढे चांगला मेस्त्री झाले आणि आज त्याच्या हाताखाली चार माणसे आहेत.

अशा प्रत्येक चौकशीत मी हेच पाहत आलो आहे. अपघात झाला की प्रथम ड्रायव्हर धरला जातो, तो सुटला तर हेल्पर धरला जातो. खाली पडलेली फुगलेली वाटी कोणी उचलत नाही. ती उचलावी लागते, कारण खरे तीच सांगते. आणि तिच्याखालोखाल खरे सांगतात ते गाडीखालच्या माणसाचे हात. रॉकेलने धुऊन धुऊन त्यांची कातडी रबरासारखीच तडकलेली असते. ब्रेकच्या लायनरात वर्षानुवर्षे अ‍ॅस्बेस्टॉस असे. हवेच्या पाइपाने ड्रम झाडला की ती धूळ खड्ड्यात उभ्या माणसाच्या छातीत जाई. गाडीचे रबर जपण्याची पुस्तके निघाली, त्या छातीची नोंद ठेवणारी वही मी कोणत्याही गॅरेजात पाहिलेली नाही.

आपण सारे नागरिकही या गोष्टीत निर्दोष नाही, म्हणून हेही बोलतो. सर्व्हिसिंगला गाडी दिली की धुऊन झाल्यावर खालून डिझेलचा किंवा जळक्या तेलाचा फवारा मारण्याची चाल आपल्याकडे पडली. अजूनही कित्येक ठिकाणी ती आहे. गिऱ्हाईक खाली वाकून बघते, काळेभोर चकचकीत दिसते, समाधानाने पैसे देते. कोणी म्हणते गंज लागत नाही, कोणी म्हणते आवाज बंद होतो. लोखंडाला चार दिवस गंज लागत नाही हे खरे. आवाजही चार दिवस बंद होतो, कारण कोरडा बुश तेलाने बुळबुळीत झालेला असतो. पण तेच तेल बुशात, इंजिनाच्या पायाच्या रबरात, स्टिअरिंगच्या बुटात शिरते. वर्षभराने गाडी एका अंगाला ओढू लागते, खडखडते, आणि मग आपण रस्त्याला शिव्या देतो. नगर-मनमाड रस्त्याला शिव्या देण्यास जागा आहे, याबद्दल वाद नाही. पण सगळा दोष त्याचा नव्हे. गंजाची भीती असेल तर लोखंडावर रंग द्यावा, बुशाचा आवाज येत असेल तर तो पाण्याने धुऊन पाहावा. तरी आवाज राहिला तर बुश बदलण्याची वेळ झाली. रबराला वंगण द्यावयाचेच असेल तर ते रबरासाठी केलेलेच द्यावे. बैलगाडीचा गाडीवान या बाबतीत आपल्याहून सरस होता. त्याने आसाला तेल घातले, जूं बांधायच्या दोरखंडाला नाही.

१ जून २०२२ रोजी, एस.टी.च्या पहिल्या फेरीला चौऱ्याहत्तर वर्षे झाली त्या दिवशी, महामंडळाची पहिली विजेवर चालणारी शिवाई गाडी त्याच पुणे-नगर रस्त्यावर धावली. तिच्यात इंजिन नाही, म्हणून इंजिनाच्या तेलाची गळती नाही. रबराचा जुना वैरी एका अर्थाने घराबाहेर गेला. पण बॅटऱ्यांचे वजन आले, आणि ते वजनही शेवटी रबरावरच येते. नळ्या आहेत, पडदे आहेत, बुश आहेत, बूट आहेत. खड्ड्यात उतरणारा माणूसही आहे. त्याच्या हातात पूर्वी ग्रीसची पिचकारी होती, आता लॅपटॉप देतात. तो त्याने जरूर शिकावा, आमची पोरे शिकतही आहेत. मात्र लॅपटॉपला नळीवरची केसासारखी भेग दिसत नाही. त्यासाठी दिवा घेऊन खाली जावे लागते, नळी वाकवून बघावी लागते आणि त्यासाठी आगारात माणूस असावा लागतो. रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत तोवर एकेका मेस्त्रीच्या वाट्याला दुप्पट गाड्या येतात आणि वाकवून बघावयाची नळी नुसती नजरेने बघितली जाते.

आमच्या संघटनेने गॅरेजातल्या पोरांसाठी एक पानाचे मराठी पत्रक काढले आहे. कोणत्या डब्यातले तेल कोठे, रबर कशाने धुवावे, बोल्ट केव्हा आवळावा, एवढेच त्यात मोठ्या अक्षरांत आणि चित्रांसह आहे. त्याच्या प्रती सभागृहाच्या दारापाशी टेबलावर ठेवल्या आहेत. किंमत नाही. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी एक न्यावे आणि पुढच्या वेळी सर्व्हिसिंगला जाल तेव्हा ते मालकाच्या हाती न देता गाडी धुणाऱ्या पोराच्या हाती द्यावे.